रस्त्याकाठचं भलंमोठं केळं

केळं बघायला पाचशे किलोमीटर जायचं? हसू नका मैत्रिणींनो, माझं माहेर रावेरचं असूनही मी गेले! धाकटी बहीण ऑस्ट्रेलियात सिडनीला असते. तिच्याबरोबर उत्तरेकडच्या कॉफ्स हार्बर गावी गेले, तर रस्त्यालगत हे पिवळंधमक सिमेंटचं केळं! लांबी १३ मीटर, आणि आतून चक्क चालत जाता येतं.

१९६४ साली जॉन लँडी यांनी ते बांधून घेतलं. त्यांचं केळ्यांचं दुकान होतं. येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारी तिथे थांबाव्यात, म्हणून ही युक्ती! ती अशी काही फळली की बस्स. पुढे १९७१ मध्ये क्वीन्सलँडमधल्या वुंबायला असंच १६ मीटर उंचीचं अननस उभं राहिलं.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. कॉफ्स हार्बरच्या उतारांवरच्या केळीच्या बागा आता पुष्कळ कमी झाल्यात. बऱ्याच ठिकाणी ब्लूबेरीची लागवड आलीय. सिमेंटचं केळं टिकलं, खरं मागे पडलं.

मला अण्णांची आठवण झाली. आमच्या बागेतले घड ट्रकमधून दूर जायचे. खाणाऱ्याला आमच्या गावाचं नावही ठाऊक नसायचं. वाटलं, आपल्या रस्त्यावरही असं केळं हवं. मग वाटलं, हवंच. पण आधी बागा टिकू देत बाई!

तेव्हा अशा ठिकाणी मुलांचे फोटो हौसेनं काढा. पण निघताना तिथल्याच शेतकऱ्याकडून डझनभर केळी पिशवीत टाकायला विसरू नका.