पडद्यावरचं शरीर आणि सिस्टरचं बोट

तत्त्वज्ञानाचा माणूस शरीररचनेवर काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. पण प्रश्न आमच्याच घरचा आहे: डोळ्यांना न दिसणारं कळतं कसं?

रावेरात केळीचा खांब सोलताना सगळ्यांनी पाहिलाय. एकातून एक आवरण निघत जातं. नर्सिंगच्या वर्गात आता येऊ लागलेल्या डिजिटल शरीररचनेचं तसंच आहे. पडद्यावर बोट फिरवलं की त्वचा बाजूला, मग चरबी, मग स्नायू. सुश्रुतानं तर प्रेत गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून सात रात्री वाहत्या पाण्यात ठेवायला सांगितलं, आणि मग कुंच्यानं हळूहळू घासत एकेक थर पाहायला. पडद्यावर सोललेलं परत जोडताही येतं. तक्ते आणि सांगाड्यावर भागवणाऱ्या मुलींना ही मोठीच सोय.

पण सिस्टर पेशंटची त्वचा सोलत नाही! कुल्ल्यावर इंजेक्शन देताना ती कमरेच्या हाडाची कड चाचपते आणि वरचा, बाहेरचा चतुर्थांश ठरवते. जागा चुकली आणि सायटिक नर्व्ह दुखावली, तर पाऊल लुळं पडू शकतं. न्यायदर्शनात याला अनुमान म्हणतात. हाडाची कड हा धूर, आत दडलेली नर्व्ह हा अग्नी.

म्हणून शिक्षकांना माझं सांगणं, हे साधन उलटं वापरा. आधी मैत्रिणीच्या कोपराच्या खळगीत बोटं ठेवा. बायसेप्सची कंडरा शोधा, तिच्या आतल्या अंगाला धमनीचा ठोका शोधा. आत काय असेल ते कागदावर काढा. पडदा त्यानंतर उघडा. धमनीच्याही आत मीडियन नर्व्ह दिसेल. ती कागदावर आली होती का, बघा.

पडदा म्हणजे नैयायिकांचं उपमान. गवय गाईसारखा असतो, एवढं वनवासी सांगतो. ओळख पटते ती रानात गवय समोर आल्यावर. आपलं रान म्हणजे वॉर्ड.

आता, ही गाय कोणाची? अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयानं १९९४ साली एका पुरुषाच्या गोठवलेल्या देहाचे एकेक मिलिमीटरचे छेद चित्ररूपात खुले केले, तब्बल १८७१. पुढच्या वर्षी एका स्त्रीचे, त्याहून बारीक. कित्येक साधनं याच चित्रांवर उभी आहेत. ती स्त्री ५९ वर्षांची होती. आणि आपल्या मुलींना काम करायचंय प्रसूतिकक्षात! तेव्हा गर्भाशयाचा धडा पडद्यावर संपवू नका. बाळंतिणीच्या पोटावर, जाणत्या सिस्टरच्या देखरेखीखाली, बेंबीपासून बोटं मोजत ते रोज साधारण एकेक बोट खाली कसं उतरतं, हे मुलींच्या हातांना कळू द्या.