तापाचें विष आणि हाडांतील मज्जा

लांबलेल्या तापांतून उठलेलें माणूस पांढुरकें दिसतें. अन्न पोटांत गेलें नाहीं म्हणून असें झालें, असें आपण म्हणतों. तें खरें, पण अर्धेंच खरें. उरलेलें कारण हाडांच्या पोकळींत शोधावें लागतें.

छातीचें हाड, बरगड्या, मणके व कमरेचीं हाडें यांत तांबडी मज्जा असते. मोठ्या माणसाच्या शरीरांत ती दर सेकंदाला सुमारें २० लाख तांबड्या पेशी तयार करते. जंतूंशीं झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशीही तेथल्याच. तांबडी पेशी सुमारें १२० दिवस टिकते. पण झुंजार पांढऱ्या पेशी रक्तांत कांहीं तासच राहतात. या साऱ्यांचें मूळ म्हणजे मज्जेंतील मोजक्या मूलपेशी. त्यांतील बहुतेक एरवीं निजलेल्या असतात व त्या विश्रांतीनेंच त्यांची शक्ति टिकते.

१८९२ सालीं रिचर्ड फायफर यांनीं बर्लिन येथें पटकीच्या जंतूंवर प्रयोग करून दाखविलें कीं, मेलेल्या जंतूच्या देहांतही विष असतें व तें उष्णतेनें नष्ट होत नाहीं. विषमज्वराच्या जंतूंतही याच जातीचें विष आहे. त्याची चाहूल घेणारा ग्राहक कोणता, हें १९९८ सालीं ब्रूस बॉयट्लर यांनीं दाखविलें. २०११ च्या नोबेल पारितोषिकांत त्यांचा वांटा होता. पुढें उंदरांवरील प्रयोगांत हा ग्राहक मूलपेशींवरही आढळला.

चाहूल लागतांच मूलपेशी जाग्या होतात व पांढऱ्या पेशींची निपज वाढते. थोडे दिवस हें हितकरच. परंतु विषाचा मारा वारंवार होत राहिला, तर उंदरांतील मूलपेशींचें सामर्थ्य घटतें. पेरणीचें बियाणेंच दळून खाल्ल्यावर पुढच्या सालीं शेतांत काय उगवणार? शिवाय दाहाच्या काळांत यकृत हेप्सिडिन नांवाचें द्रव्य अधिक सोडतें. त्यामुळें शरीरांतील लोह कोठारांतच अडकून पडतें आणि तांबड्या पेशींची निपज मंदावते. दाह चालू असतां नुसत्या लोहाच्या औषधानें पुरता गुण येत नाहीं, तो यामुळेंच.

विषमज्वराचे जंतु तर खुद्द मज्जेंतच ठाण मांडतात व रक्तांतील पांढऱ्या पेशी पुष्कळदां घटतात. तेव्हां हा आंकडा कमी आला म्हणून दुखणें हलकें समजूं नये. रक्तांत जंतुविष भिनलेल्या अत्यवस्थ रोग्यांत तर, मज्जेचा पुरवठा खर्चाला पुरेनासा झाल्याची ती खूण असूं शकते.

ताप उतरला कीं औषधाची बाटली फडताळांत ठेवून देण्याची रीत पुष्कळ घरांत आहे. वैद्यानें सांगितलेले दिवस पुरे होईपर्यंत ती हाताशींच असूं द्यावी. अंग निवलें तरी मज्जेंतले जंतु कदाचित् अजून मेलेले नसतात.