उत्तरकालीन रोमन कांस्य नाण्यांवरील ध्वजसंख्या

सम्राट कॉन्स्टन्टाइनच्या कारकिर्दीत इ. स. ३३० पासून पाडलेल्या 'ग्लोरिया एक्झर्सिटुस', म्हणजे 'सैन्याचा गौरव', या लेखाच्या कांस्य नाण्यांवर दोन सैनिकांमध्ये दोन ध्वज आढळतात. सुमारे ३३५ नंतर एकच ध्वज दिसू लागतो. हा बदल ठसे कोरणाऱ्याच्या लहरीचा नव्हे. त्याच सुमारास नाण्याचे वजन सुमारे अडीच ग्रॅमवरून दीड ग्रॅमपर्यंत उतरले होते. चकती लहान झाल्याने जागा अपुरी पडली असेल. परंतु हलके नाणे वेगळे ओळखू यावे, हा हेतू अधिक संभवनीय वाटतो. तमिळनाडू व श्रीलंकेत सापडणाऱ्या उत्तरकालीन रोमन नाण्यांवरील लेख आणि टांकसाळीची खूण बहुधा झिजलेली असते. अशा वेळी ध्वज मोजणे हाच कालनिर्णयाचा आधार उरतो. सूचीत नुसते 'दोन सैनिक' एवढेच नोंदविले, तर तो आधारही हातचा जातो.