जोडीनेंच प्रवेश : अतिसंवाहक आणि लोहचुंबक

जुन्नरच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या कड्यावर घाटघर हें गांव आहे. तेथूनच नाणेघाट कोंकणांत उतरतो. घाटाच्या माथ्यावर एक दगडी रांजण असून सातवाहनकाळीं व्यापाऱ्यांची जकात त्यांत पडे, असें परंपरा सांगते. जकात भरल्यावांचून पुढें पाऊल टाकतां येत नसे. दोन भिन्न धातूंच्या सीमेवर विजेलाही अशीच जकात द्यावी लागते. आणि एका धातूजोडीच्या बाबतींत ती मोठी विलक्षण आहे.

पारा ४.२ केल्विनपर्यंत, म्हणजे शून्याखालीं सुमारें २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला, कीं त्याचा विद्युत्-रोध पार नाहींसा होतो, असें हॉलंडांत कामरलिंग ओनेस यांना १९११ सालीं आढळलें. अशा पदार्थास अतिसंवाहक म्हणतात. त्याचें इंगित बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनीं १९५७ सालीं उकललें. इलेक्ट्रॉनला परिवलन नांवाचा गुण असतो. त्यामुळें तो जणूं एक इवलासा चुंबकच होय, आणि त्याचें मुख वर तरी असतें किंवा खालीं तरी. अतिसंवाहकांत एक ऊर्ध्वमुख व एक अधोमुख अशा इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात आणि त्या जोड्याच विनारोध प्रवाह वाहतात. उलट लोखंड, कोबाल्ट यांसारखे लोहचुंबक विद्युत्कणांना एकाच दिशेस तोंड करावयास लावतात. एकाचा धर्म विरुद्धांची जोडी जमविण्याचा, तर दुसऱ्याचा ती मोडण्याचा.

मग हे दोघे एकमेकांस भिडविले तर काय होईल? अतिसंवाहकाच्या वेशीवर एकट्या मंद इलेक्ट्रॉनला प्रवेश नाहीं. त्यानें आपल्याच धातूंतून विरुद्ध मुखाचा सोबती घ्यावा, मग दोघांनीं आंत जावें. मागें उरलेली रिकामी जागा उलट दिशेनें परतते. आंद्रेयेव यांनीं १९६४ सालीं हा प्रकार सांगितला. साध्या तांब्यांत सोबती सहज मिळतो, म्हणून सीमा स्वच्छ असल्यास प्रवाह दुप्पट होतो. परंतु चारांपैकीं तीन ऊर्ध्वमुख व एकच अधोमुख असेल, तर दोघांनाच सोबती लाभतो आणि दोघे रित्या हातीं परततात. दुपटीचा लाभ तेथेंच संपतो. सर्वच एकमुखी असतील तर ही वाट साफ बंद. म्हणून प्रवाह किती घटला तें मोजून चुंबकांतील एकमुखीपणा ताडतां येतो. १९९८ सालीं अमेरिकेंत ही पद्धत पुढें आली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतही तिनें चुंबकांची परीक्षा झाली आहे.

याच संस्थेंतील नागराजन, गुप्ता आणि त्यांचे सहकारी यांनीं १९९४ सालीं इट्रियम, निकेल, बोरॉन व कार्बन यांच्या मिश्रणांत सुमारें १२ केल्विनला अतिसंवाहकता दाखविली. निकेल हा चुंबकीय धातु. त्याच्यासह अतिसंवाहकता नांदावी, हें नवल होतें. याच कुळांतील एर्बियमचें संयुग सुमारें १०.५ केल्विनखालीं अतिसंवाहक होतें आणि २.३ केल्विनखालीं क्षीण लोहचुंबकही. तथापि त्याची अतिसंवाहकता मावळत नाहीं.

याहून मोठें नवल पुढें घडलें. विरुद्ध मुखांची जोडी प्रबळ लोहचुंबकांत शिरली तर कांहीं नॅनोमीटरांतच मोडते. परंतु सीमेवरील चुंबकत्वाची दिशा एकसारखी नसेल, तर दोघेही एकाच मुखाचे अशी जोडी बनावी, असें गणित २००१ सालीं मांडलें गेलें. २००६ सालीं क्रोमियम डायऑक्साइड या लोहचुंबकांतून अतिप्रवाह सुमारें एक मायक्रोमीटर अंतर गेलेला दिसला. अशा जोड्या विनारोध वाहतांना परिवलनही सोबत नेतात. आजच्या गणकयंत्रांत वीज उष्णतेच्या रूपानें वाया जाते. परिवलनाच्या आधारें माहिती वाहून हा अपव्यय टाळण्याची आशा या संशोधनामागें आहे. मात्र त्यासाठीं लागणारें शीतकरण स्वतःच वीज खातें, हा हिशेब अजून जुळवावयाचा आहे.

नाणेघाटांत जकात चुकवून निसटणाऱ्यास वाट नसे. निसर्गाच्या घाटांतही नियम मोडतां येत नाहीं. पण नियम नीट समजला, तर त्यांतूनच नवी वाट सांपडते.