गुहेतल्या दिव्याखाली उगवणारे शेवाळ

येळ्ळूरच्या राजहंसगडावर पावसाळ्यात गेलेल्या माणसाला तटाचे चिरे हिरवे पडलेले पाहून नवल वाटत नाही. ऊन, ओल आणि दगड एकत्र आले की शेवाळ धरायचेच. मात्र हाच हिरवा थर सूर्यकिरण कधीच न पोहोचणाऱ्या गुहेत, विजेच्या दिव्याभोवती वर्तुळाकार पसरलेला दिसला, तर तो निसर्गाचा नसून माणसाचा उद्योग असतो. जर्मन अभ्यासकांनी त्याला ‘लाम्पेनफ्लोरा’, म्हणजे दिव्याची वनस्पती, असे नाव दिले आहे.

गुहेत ओलावा बारमाही असतो, तापमान फारसे बदलत नाही. नीलहरित जिवाणू, हिरवी शैवाले, शेवाळी आणि नेचे यांचे सूक्ष्म बीज झिरपत्या पाण्याबरोबर, हवेबरोबर आणि पर्यटकांच्या कपड्या-पादत्राणांबरोबर आत येतच असते. उणीव असते ती केवळ प्रकाशाची. ती दिवा भरून काढतो. अनेक प्रजातींना त्यासाठी अगदी मंद उजेडही पुरतो. पुढे हा थर दगडाला रंग देऊन थांबत नाही. त्याच्या आम्लांमुळे चुनखडीचा पृष्ठभाग झिजतो आणि अंधारातील जीवांना नसलेले अन्न उपलब्ध होऊन तेथील जीवसाखळी बदलते.

याचा सर्वांत महागडा धडा फ्रान्समधील लास्को गुहेने दिला. १९४० साली सापडलेली ही प्रागैतिहासिक चित्रांची गुहा १९४८ मध्ये लोकांसाठी खुली झाली. पुढील दशकात दिवसाला सुमारे बाराशे माणसे आत जाऊ लागली. १९६० च्या सुमारास भिंतींवर हिरवे डाग उमटले. १९६३ साली गुहा बंद करावी लागली. प्रतिजैविके आणि फॉर्मालिन फवारून हिरवा रोग आटोक्यात आला; पण २००१ मध्ये फ्युजेरियम बुरशीने गुहा पुन्हा ग्रासली. पर्यटकांना आता जवळच उभारलेल्या प्रतिकृती दाखवल्या जातात.

मग उपाय काय? खरवडणे हा सर्वांत सोपा वाटणारा आणि बहुधा सर्वांत वाईट मार्ग. ब्रशाने घासताना दगड ओरखडतो आणि बीज इतरत्र पसरते. ब्लीचिंगचे पाणी, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, शेवाळ झटपट पांढरे करते, म्हणून ते वर्षानुवर्षे वापरले गेले. परंतु त्यातून सुटणारा क्लोरीन वायू बंदिस्त हवेत कामगारांना आणि गुहेतील किड्यामुंग्यांना घातक ठरतो. त्याला पर्याय म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइड पुढे आले. चेक संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार शेवाळ मारण्यासाठी त्याचे किमान १५ टक्क्यांचे द्रावण लागते. चुनखडी विरघळू नये म्हणून त्या द्रावणात आधीच चुनखडीचे तुकडे टाकून ते मुरवावे लागते. पेरॉक्साइडचे शेवटी पाणी आणि प्राणवायूच उरतात, हा त्याचा मोठा गुण. पर्यटक नसताना रात्री जंबुपार किरणांचे दिवे लावण्याचेही प्रयोग झाले आहेत. पण ते किरण समोरच्या सजीवांत भेदभाव करत नाहीत.

कोणतेही औषध मारले तरी दिवा तसाच राहिला की शेवाळ परत येते. खरा उपाय त्यामुळे दिव्यातच शोधावा लागतो. हरितद्रव्य प्रामुख्याने निळा आणि तांबडा प्रकाश शोषते, पिवळा फारच कमी. सध्या सर्रास बसवल्या जाणाऱ्या शुभ्र एलईडीच्या प्रकाशात मात्र ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळ्याचा ठळक भरणा असतो. वीज वाचते आणि शेवाळाचेही फावते! पिवळसर एलईडी त्यातल्या त्यात बरे; तरी नीलहरित जिवाणूंकडे इतर रंगद्रव्येही असल्याने तेही पूर्ण सुरक्षित नाहीत. म्हणून तीव्रता कमी ठेवणे, दिवा ओल्या भिंतीपासून दूर बसवणे आणि माणूस आला तरच पेटणारी यंत्रणा लावणे, या तिन्ही गोष्टी एकत्र कराव्या लागतात.

गोव्यात हरवळे, रिवण, खांडेपार येथील गुंफा जांभ्या दगडात कोरलेल्या आहेत. त्यांच्या दर्शनी भागातील हिरवळ दिवसाच्या उजेडाची असते; आतल्या कोपऱ्यात दिवा लावला तर मात्र हेच गणित लागू होते. जांभा सच्छिद्र, पाणी धरून ठेवणारा आणि लोहयुक्त. लोहाच्या संपर्कात पेरॉक्साइड लवकर विघटित होते, तर ब्लीचिंगचे क्षार छिद्रांत मुरून राहतात. चुनखडीच्या युरोपीय गुहांतील नुस्खे येथे जसेच्या तसे उतरवता येणार नाहीत. आधी नजरेआडच्या लहानशा जागी चाचणी घ्यावी लागेल.

चोर्लामार्गे बेळगावकडे जाणाऱ्यांना खानापूर तालुक्यातील तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहा ऐकून ठाऊक असतील. १९१३ मध्ये शास्त्रीय वर्णन झालेले रॉटनचे वटवाघूळ दीर्घकाळ जगात केवळ याच गुहांतून ज्ञात होते. मेघालय आणि कंबोडियातील नोंदी पुष्कळ नंतरच्या. हा परिसर २०११ पासून भीमगड अभयारण्यात आहे. अशा ठिकाणी पिवळा दिवा की पांढरा, हा प्रश्नच गैरलागू ठरतो. येथे शेवाळाच्या आधी वटवाघळांचा विचार करावा लागतो, आणि त्यांना कोणताही दिवा नको असतो.