विश्लेषण : ‘फाऊंड फुटेज’ भयपटांचा दुसरा भाग का फसतो? ‘रागिणी एमएमएस’चं नेमकं काय चुकलं?

नाशिक : ‘ही चित्रफीत सापडली, ती जशीच्या तशी दाखवत आहोत’ असा आव आणणारे भयपट म्हणजे ‘फाऊंड फुटेज’. यातला पहिला भाग अनेकदा कमी पैशांत बनतो आणि गाजतो. दुसऱ्या भागात मात्र दिग्दर्शकांची दमछाक होते. असं का होतं? आणि आपल्या मोबाइलवर येणाऱ्या क्लिपशी त्याचा काय संबंध?

हा प्रकार नेमका काय?

इथे कॅमेरा कथेतल्याच कुणाचा तरी असतो. हँडीकॅम, सीसीटीव्ही किंवा मोबाइल. चित्र हलतं, मधेच अंधार होतो, पार्श्वसंगीत जवळपास नसतंच. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’मध्ये (१९९९) कलाकारांनीच जंगलात कॅमेरा चालवला आणि प्रसिद्धीसाठी ते बेपत्ता असल्याची पत्रकं वाटली गेली. ओरेन पेली यांनी ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ सॅन डिएगोतील स्वतःच्या घरात, सात दिवसांत आणि सुमारे १५ हजार डॉलरमध्ये चित्रित केला. त्याने जगभरात १९ कोटी डॉलरहून अधिक कमाई केली.

‘रागिणी एमएमएस’मध्ये वेगळं काय होतं?

पवन कृपलानी दिग्दर्शित हा चित्रपट १३ मे २०११ रोजी प्रदर्शित झाला. राजकुमार राव आणि कैनाझ मोतीवाला मुख्य भूमिकेत होते. शहराबाहेरच्या एका घरात जोडपं सुटीसाठी जातं. तिथले छुपे कॅमेरे भूत टिपण्यासाठी नसतात. मुलीची चोरून चित्रफीत काढण्यासाठी ते लावलेले असतात. म्हणजे भूत येण्याआधीच फसवणूक सुरू झालेली असते. शिवाय हिंदी चित्रपटातलं हे भूत चक्क मराठी बोलतं. आपण चेटकीण नाही, हे ती बाई परोपरीनं सांगत राहते.

मग दुसऱ्या भागात काय बदललं?

२१ मार्च २०१४ रोजी आलेल्या ‘रागिणी एमएमएस २’चे दिग्दर्शक भूषण पटेल होते, तर मुख्य भूमिकेत सनी लिओनी. रागिणीच्या प्रकरणावर चित्रपट काढायला एक युनिट त्याच घरात जातं, अशी कथा. चित्रण मात्र बहुतांश नेहमीच्या पद्धतीचं आणि जोडीला ‘बेबी डॉल’सारखी गाणी. गाणं गाजलं, पण चोरून टिपलेलं काहीतरी आपण पाहतोय, ही पहिल्या भागातली अस्वस्थता हरवली. ‘ब्लेअर विच’च्या २००० सालच्या दुसऱ्या भागानेही हीच वाट धरली होती.

दुसरा भाग अवघड का जातो?

पहिल्या वेळी प्रेक्षक ‘खरं असेल का?’ या शंकेने घाबरतो. दुसऱ्या वेळी युक्ती माहीत झालेली असते. त्यामुळे दोन प्रश्नांची पटणारी उत्तरं द्यावीच लागतात. चित्रण कोण करतंय? आणि जीव धोक्यात असताना तो कॅमेरा टाकून पळत का नाही?

‘रेक २’ (२००९) या स्पॅनिश चित्रपटाने कॅमेरे पोलिसांच्या हेल्मेटवर बसवले. ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी २’मध्ये (२०१०) घरात चोरी झाल्यासारखी मोडतोड आढळते, म्हणून कुटुंब सीसीटीव्ही लावतं. भिंतीवरचा कॅमेरा पळून जाऊ शकत नाही! सुमारे ३० लाख डॉलरच्या या चित्रपटाने १७ कोटी डॉलरवर मजल मारली.

आपल्या मोबाइलशी संबंध काय?

धूसर, हलती क्लिप खरी वाटते, या एकाच गोष्टीवर हे चित्रपट चालतात. अफवाही त्यावरच चालतात. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने पाच जणांचा जीव घेतला. त्यानंतर काही तासांतच मालेगावात लहान मुलासह एका कुटुंबाला जमावाने घेरलं. पोलिसांनी त्यांना वाचवलं. त्या काळात देशभर फिरलेली मुलं पळवण्याची एक क्लिप तर कराचीतील जनजागृतीपटाची होती. ‘हे प्रात्यक्षिक आहे’ हे सांगणारा शेवटचा भाग तेवढा कापलेला होता.

म्हणून भयपटाला विचारायचे प्रश्न फॉरवर्डलाही विचारावेत. हे कुणी चित्रित केलं? कशासाठी? आणि क्लिपच्या आधी व नंतर काय होतं? उत्तरं मिळाली नाहीत, तर ती क्लिप पुढे पाठवू नये.