जुना ट्रक घेताय? आधी ऑईलचं झाकण उघडा

काल ओळखीतले एकजण जुना दहाचाकी घेऊन गॅरेजवर आले. रंग चकाचक, सौदा ठरत आलेला.

इंजिन चालू ठेवून ऑईल भरायचं झाकण काढायला लावलं. भकाभका धूर! म्हणजे पिस्टन रिंगा, लायनर झिजलेत. सहा सिलिंडरचं इंजिन पूर्ण बांधायचं तर खर्च लाखाच्या घरात.

क्लचही बदलायचा झाला तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. मजुरी एकदाच पडू द्या. क्लचप्लेटबरोबर प्रेशर प्लेट, बेअरिंगही बघून घ्या. नुसत्या प्लेटवर भागवणारे पुन्हा येतात, आमचा धंदा चालतो!

पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवा. खेळ लागला तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. खेळ थांबला तर व्हील बेअरिंग, तरीही राहिला तर बहुधा किंगपिन.

गाडी बघायला जाताय? मॉडेल आणि धुराचा रंग कमेंटमध्ये टाका, सांगतो.